अटलांटाचं बारसं

“डाफ्नी,” वहिनीनं यादीतलं नाव वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. “नदीच्या देवाची मुलगी. शेवटी तिचं झाड होतं.”

मी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि नावापुढं लिहिलं : डाफरल्यासारखं वाटतं.

वहिनी इतकी हसली की मांडीवरची पोर दचकून जागी झाली. दाराशी उभा असलेला दादाही हसला. त्याच्या हसण्यात जरा विजय होता, कारण डाफ्नी त्याच्या यादीतली नव्हती.

याद्या दोन होत्या. बाळंतिणीच्या खोलीतल्या लोखंडी कपाटावर त्या शेजारी शेजारी चिकटवल्या होत्या. ओव्याच्या धुरीनं त्यांचे कोपरे पिवळे पडायला लागले होते, तरी निकाल लागत नव्हता. पोर अठरा दिवसांची झाली होती आणि सगळं घर तिला ‘ए’ म्हणून हाक मारत होतं.

डावीकडची यादी दादाची. रणजितदादा फलटणच्याच एका शाळेत चित्रकला शिकवायचा. लहानपणी एस.टी. स्टँडजवळच्या वाचनालयातून भाड्यानं आणलेल्या कॉमिक्सवर तो वाढला होता, आणि तिशी आली तरी वह्यांमधून स्वतःच्या महाबली नायिका काढत बसायचा. वज्रा, तुफाना, अग्निरेखा, बिजली, सगळ्या त्याच्याच. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की मुलीचं नाव असं हवं, हाक मारली की ती उडत आली पाहिजे.

उजवीकडची यादी वैजयंतीवहिनीची. ती कोल्हापूरची. कॉलेजात असताना शंभर मीटर धावायची, राज्य पातळीवरचं पदक होतं तिच्याकडे. एकदा कुठल्याशा स्पर्धेत बक्षीस म्हणून तिला ग्रीक पुराणकथांचं जाडजूड पुस्तक मिळालं. शिल्ड देणारे लोक पुस्तक का देतात म्हणून ती आधी चिडली होती, पण मग तिनं ते तीन वेळा वाचलं. तिच्या यादीत डाफ्नी, पेनेलपी, थालिया, कॅलिओपी आणि अटलांटा होत्या. वहिनीला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण आमच्याकडेच झालं होतं. त्यामुळे भांडायला दोन्ही बाजू एकाच खोलीत हजर होत्या.

आई तिसरी बाजू. तिची यादी नव्हती, तिला फक्त नावं पाडायची होती. बिजली हे मळ्यातल्या म्हशीचं नाव होतं आणि ती मारकुटी निघाली होती. तुफाना ठेवलं तर घरावरचे पत्रे उडतील. थालिया म्हणजे पोरीनं जन्मभर थाळ्या वाजवत फिरायचं का. अटलांटा वाचल्यावर आईनं चष्मा काढला आणि विचारलं, हे अमेरिकेतलं गाव ना? गावाचंच नाव ठेवायचं असेल तर दहिवडी काय वाईट आहे?

आणि निकाल देणारी मी. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, आणि आमच्याकडे नाव ठेवायचा मान आत्याचा. त्यामुळे त्या अठरा दिवसांत माझी चैन होती. दादा शाळेतून येताना माझ्यासाठी भेळ आणायचा. वहिनीनं आपली मोरपंखी साडी मला देऊन टाकली. मी दोघांकडून सगळं घ्यायची आणि दोघांची नावं खोडायची. पेनेलपीपुढं लिहिलं, पेनानं लिहिल्यासारखं वाटतं. कॅलिओपीपुढं, खोकल्याच्या औषधासारखं. बिजलीपुढं, वायरमन येईल. फक्त वज्रा मी जोरात उचलून धरलं. पण वहिनी म्हणाली, पोर अडीच किलोची, वज्रा कसलं, आधी तिला तीन किलोची तर होऊ दे.

घरात सगळ्यांना वाटत होतं, मला गंमत सुचतेय. खरं कारण निराळं होतं. ती नावं मला म्हणता येत नव्हती.

मी अडखळते. आता पुष्कळ कमी, तेव्हा भयंकर. क अडायचा, प अडायचा, ट-ड-ब तर विचारूच नका, आणि शब्द अ-पासून सुरू झाला तर गळ्याला आतून कडीच लागायची. आवाज फुटायचाच नाही. तोंड उघडं, मान ताणलेली, आणि समोरचा माणूस आपल्या चपलांकडे बघायला लागलेला. माझं स्वतःचं नाव केतकी. कुणी नाव विचारलं की मी ‘भोईटे’ म्हणायची आणि तेही कसंबसं. दुकानात मला जे हवं असायचं ते मी कधी मागायची नाही, जे म्हणता यायचं ते मागायची. आई बरोबर असली तर माझं वाक्य तीच पुरं करायची. मी ‘त’ म्हटलं की ती ‘तूरडाळ’ म्हणायची, आणि मला हवा असलेला तांदूळ दुकानातच राहायचा. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. मी तोंड उघडून उभी राहिले की तिलाच श्वास घेता यायचा नाही.

म्हणून मी नावं म्हणून बघायची. मागच्या अंगणात, नळ सोडून, आवाज बाहेर जाणार नाही असं. वज्रा निघायचं. बाकी सगळी आतच राहायची.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी दादा वहिनीचं पुस्तक हातात घेऊन खोलीतून बाहेर आला. पोर झोपली म्हणून तो वेळ घालवायला ते चाळत बसला होता. “वैजू,” तो म्हणाला, “ही तर माझ्या यादीतली आहे.”

मग तिथंच उंबऱ्यावर बसून त्यानं आम्हाला अटलांटाची हकिगत वाचून दाखवली. बापाला मुलगा हवा होता आणि मुलगी झाली, म्हणून त्यानं तिला डोंगरात टाकून दिलं. एका अस्वलीनं तिला दूध पाजलं. ती रानात वाढली. सगळा देश उजाड करणाऱ्या रानडुकराला पहिला बाण तिचाच लागला. आणि तिच्याइतक्या वेगानं धावणारा पुरुष त्या देशात नव्हता. दादाचे डोळे लहान मुलासारखे चमकत होते. उडत नसली म्हणून काय झालं, तो म्हणत होता, अशी नायिका मला दहा वर्षांत सुचली नाही.

“अस्वलीनं पाजलं?” आईनं विचारलं.

“हो.”

आई बराच वेळ लसूण सोलत राहिली. मग म्हणाली, “टाकून देणाऱ्या बापापेक्षा अस्वल बरी.” आणि तिचा होकार आला, हे आम्हाला तिनं लसणाचं ताट उचलून नेल्यावर कळलं.

दादानं दोन्ही याद्या कपाटावरून काढल्या. वहिनीनं पोरीला उचलून तिच्या कानाशी काहीतरी गुणगुणत खोलीभर गिरकी घेतली, बाळंतिणीनं असं फिरू नये म्हणून आई आतून ओरडत असताना. मीही टाळ्या वाजवल्या. मग मागच्या अंगणात गेले, नळ सोडला आणि तोंड उघडलं. बादली भरून वाहायला लागली तरी ‘अ’ काही आला नाही.

संध्याकाळी आई माझ्याजवळ येऊन बसली आणि माझी वेणी सोडून पुन्हा घालायला लागली. आईला अवघड काही सांगायचं असलं की ती माझ्या पाठीमागं बसायची. बारशाला बारामतीच्या जगतापकाकू येणार होत्या. त्यांच्या इंजिनिअर मुलाचं स्थळ मला सांगून आलं होतं, फोटो पसंत होता, आणि काकूंना मला सहज म्हणून बघायचं होतं. माझं अडखळणं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. वडील गेल्यावर आईला एकच घोर होता, माझा. तिनं सुचवलं की नाव मंजूताईनं सांगावं. तीही पोरीची चुलत आत्याच की. मी नुसतं मोरपंखी साडी नेसून पाळण्याजवळ उभं राहावं.

मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगते, मला इतकं हलकं वाटलं की मी आईचा हात दाबला.

दुसऱ्या दिवशी दादा पाळण्यासाठी सोनेरी कागदाची सफाईदार अक्षरं कापत होता. मी त्याला सांगितलं, नाव मंजूताई सांगेल. त्यानं कात्री थांबवली.

“तुला नाव आवडलं नाही?”

“आवडलं.” त्या एका शब्दालाही मला वेळ लागला.

“मग?”

मी बोटानं गळा दाखवला. मग त्याच्या लक्षात आलं. “बाकीची नावं तू त्यासाठी खोडलीस?”

मी मान हलवली. दादाचा चेहरा आधी रडवेला झाला आणि मग त्याला हसू आवरेना. खोकल्याचं औषध, वायरमन, असं एकेक आठवून तो हसत होता. मला राग आला. मी कागदाची कात्रणं त्याच्या डोक्यावर टाकली, आणि मग मलाही हसू फुटलं. दोघांचं हसणं संपल्यावर तो साध्या आवाजात बोलला.

“केतकी, नाव आत्या सांगते. तिला जेवढा वेळ लागतो, तेवढा लागतो.”

त्यानं हे वहिनीला सांगितलं असणार, कारण सकाळी वहिनीनं मला गच्चीवर बोलावलं. पोर टोपडं घालून कोवळ्या उन्हात झोपली होती आणि वहिनीच्या हातात तिचं जुनं स्टॉपवॉच होतं.

“म्हण,” ती म्हणाली आणि बटण दाबलं.

मी उभी राहिले. शेजारच्या गच्चीवरची बाई शेवटचा कपडा वाळत घालून खाली निघून गेली. शेवटी ते नाव बाहेर पडलं. वहिनीनं कठड्यावर खडूनं आकडा लिहिला, चौतीस. पुन्हा म्हण. एकोणीस. पुन्हा. एक्केचाळीस. त्यानंतर अकरा. ती काही शिकवत नव्हती. श्वास घे म्हणाली नाही, हळू बोल म्हणाली नाही, सावकाश हा शब्द तिनं बारशापर्यंतच्या चार दिवसांत उच्चारला नाही. आजवर भेटलेला प्रत्येक माणूस मला सावकाश म्हणाला होता.

“आकडा कमी करायचा नाहीये,” ती म्हणाली. “फक्त माहीत करून घ्यायचा. तुला वाटतं जन्म गेला. गेले किती? एक्केचाळीस सेकंद.”

“लोकांना—” मी म्हणाले आणि अडकले. ती थांबली. पूर्ण थांबली, नजर न हलवता. “लोकांना जास्त वाटतं.”

“वाटू दे. शंभर मीटरला मला साडेबारा लागायचे. तुला मघाशी अकरा लागले. तुझं पदक निघतं.”

आम्ही दोघी इतक्या हसलो की पोर उठली आणि तिनं टोपडं ओलं होईपर्यंत भोकाड पसरलं.

बारसं रविवारी चार वाजता. अंगणात मांडव, साठेक बायका, घुगऱ्यांची पातेली, मोगरा आणि पावडरचा मिसळलेला वास. जगतापकाकू पहिल्या रांगेत खुर्चीवर होत्या, चंदेरी केसांच्या, शांत. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि मी हसले. हसायला काही अडत नाही. मंजूताई नवी जरीची साडी नेसून तयार होती. चिठ्ठीवरचं नाव ती दुपारपासून घोकत होती, आणि घोकून घोकून ते ‘अट्टलांटा’ झालं होतं.

पाळण्याखालून पोरीला या हातातून त्या हातात देऊन झालं. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं. मंजूताईनं पदर खोचला. तेवढ्यात वहिनी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “केतकीवन्सं, या पुढं.”

आईनं हातातलं हळदीकुंकवाचं ताट घाईनं खाली ठेवलं. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर गेले नसते.

मी पाळण्यात वाकले, त्याबरोबर चार-पाच बायकांनी रिवाजाप्रमाणं माझ्या पाठीवर धपाटे घालायला सुरुवात केली. मी पोरीच्या कानाशी कुर्रर्र केलं आणि कुजबुजत तिचं नाव सांगितलं. कुजबुजताना मी कधीच अडखळत नाही. तिनं ते सगळ्यांच्या आधी, स्वच्छ, एका झटक्यात ऐकलं. तिनं एक डोळा उघडला आणि मिटला.

“आता मोठ्यानं,” बायका म्हणाल्या. “मोठ्यानं सांग की गं.”

मी सरळ उभी राहिले, बायकांकडे तोंड केलं, आणि गळ्याला कडी लागली.

पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं, मी मुद्दाम ताणतेय. त्या हसल्या. मग मांडवातून नावं यायला लागली. अनुराधा? अस्मिता? माझं तोंड ‘अ’चं झालं होतं, तेवढं त्यांना दिसत होतं. अश्विनी असेल. छे, आजकाल आर्या ठेवतात. कुणीतरी अरुंधती म्हणालं आणि तिच्या शेजारणीनं, एवढं लांब? म्हणून तिला गप्प केलं. धपाटे चालूच होते, बहुतेक त्यांना वाटलं असावं, घशात काही अडकलंय. मग एकेक करत हात थांबले, आवाजही थांबले. पाळण्याच्या कड्या कुरकुरत होत्या तेवढ्या. जगतापकाकूंनी मांडीवरची पर्स नीट केली.

मला आई दिसली. तिचे ओठ पुढं आले होते. तिला नाव माहीत होतं, एका क्षणात ती ते म्हणून टाकू शकत होती, आणि मी सुटले असते. माझं अंग म्हणत होतं, म्हण, आई. तिनं श्वास घेतला. आणि पदराचा बोळा करून तोंडावर दाबून धरला. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण पदर काही तिनं काढला नाही.

माझी नजर वहिनीकडे गेली. ती तशीच बघत होती, गच्चीवर बघायची तशी, कुठं जायची घाई नसल्यासारखी.

“अटलांटा,” मी म्हणाले.

मग मागच्या रांगेतून ऐंशीच्या पुढच्या साळुंखेआजींचा आवाज आला. “काय म्हणाली? आटा?”

“अटलांटा,” मी पुन्हा म्हणाले. या वेळी थोडंसंच अडलं.

“लाटा?”

“नाही, आजी. अ-अटलांटा.”

“कुणाची कोण ती?”

आणि मला काय झालं कोण जाणे, मी सांगितलं की तिला अस्वलीनं वाढवलं. अस्वलीनं म्हटल्यावर सगळा मांडव फुटला. साठ बायका एकदम बोलायला लागल्या. कुणी म्हणालं अगं बाई, कुणी म्हणालं बरोबर आहे, हिच्या बापाच्या अंगावर केस बघा किती. दादा दारात उभा होता, तो कानापर्यंत लाल झाला. साळुंखेआजींना नाव पाचदा सांगावं लागलं. त्यांच्या सुनेला वेगळं. घुगऱ्यांचे द्रोण वाटता वाटता मी ते अंगणभर सांगत फिरले, कधी लगेच, कधी अर्धं मिनिट खाऊन, आणि प्रत्येक बाई द्रोण हातात धरून थांबत होती. दिवे लागायच्या वेळेला माझा घसा बसला होता. आयुष्यात पहिल्यांदा बोलून बोलून बसला होता.

जगतापकाकू निघताना माझ्याजवळ आल्या. हे लहानपणापासून आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. आम्हाला माहीत नव्हतं, त्या म्हणाल्या, रागानं नाही. बाळाच्या हातावर चांदीचा वाळा ठेवून त्या गेल्या. तीन दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. आईनं निरोप मला स्वतः सांगितला, या वेळी समोर बसून.

“मी आधीच सांगायला हवं होतं त्यांना,” ती म्हणाली. “यापुढं तुझं तू सांगत जा. मी मध्ये पडणार नाही.” मग जरा वेळानं, “पडले तर हाताला चिमटा काढ.”

मी तिला तिथल्या तिथं एक चिमटा काढून दाखवला, चालेल का म्हणून. ती इतकी हसली की शेजारची बाई कुंपणाशी आली.

त्याच आठवड्यात जन्माच्या नोंदीत नाव घालायला दादा मला बरोबर घेऊन नगरपालिकेत गेला. खिडकीशी रांग होती. आमचा नंबर आला तेव्हा दादा भिंतीवरच्या कुठल्यातरी जुन्या सूचनेसमोर जाऊन उभा राहिला आणि ती फार मन लावून वाचायला लागला. कारकून वयस्कर होते. त्यांनी पेन उचललं. “मुलीचं नाव?”

मला सोळा-सतरा सेकंद लागले असतील. कारकून थांबले. मग त्यांनी ते लिहिलं, ‘ला’वर अनुस्वार दिला, आणि मान वर करून विचारलं, हे कुठलं नाव. मी सांगायला लागले. बाप, डोंगर, अस्वल, रानडुक्कर. मध्ये मध्ये मी अडत होते आणि रांग पुढं पुढं सरकून माझ्याभोवती गोळा होत होती. माझ्यामागं हिरव्या साडीतली, डोरलं घातलेली एक बाई होती, तिनं तर कोपर खिडकीच्या फळीवरच टेकलं.

मग मी शर्यतीचा भाग सांगितला. तो दादाच्या वाचनात आला नव्हता, वहिनीनं मला एकटीला गच्चीवर सांगितला होता. जो तिला धावण्यात हरवेल त्याच्याशीच अटलांटा लग्न करणार होती. कुणालाच जमेना. शेवटी एकजण आला, त्याच्याजवळ सोन्याची तीन सफरचंदं होती. धावता धावता तो एकेक फेकायचा आणि ते उचलायला ती थांबायची. तीनदा थांबली. तेवढ्यात तो पुढं गेला.

“म्हणजे हरलीच की,” हिरव्या साडीतली बाई म्हणाली. तिला मनापासून वाईट वाटलं होतं. “अशी कशी थांबली मध्येच?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पहिलाच शब्द अडला. बाई थांबली, कारकून थांबले, सगळी रांग थांबली.

“हरली,” मी म्हणाले. “पण तिन्ही सफरचंदं तिच्याकडेच राहिली.”

“सोन्याची?”

“सोन्याची.”

बाईनं क्षणभर विचार केला. “मग बरं,” असं म्हणून तिनं आपला फॉर्म पुढं सरकवला.